हलगीतली मोकळी जागा

कारखान्याच्या स्टेजवर खुर्चीत बसलेला आमच्या वस्तीतला पयला माणूस मीच. खुर्चीचा एक पाय मोडका हुता म्हणून ती रिकामी हुती, ही गोष्ट येगळी.

गव्हाणीत उसाची पयली मोळी टाकून हंगाम सुरू करायचा कारेक्रम. त्या साली पाऊस न्हाई. आमच्या बाया टँकरमागं पळत हुत्या, आन इथं पावण्यांच्या गाड्यांचा धुरळा बसावा म्हणून दोन टँकर मातीत सोडलते. माजं गाणं टँकरच्या लाइनीवरलंच. तो चिखल बघून लाज वाटाया पायजे हुती. मला माज्या नव्या बुटाची काळजी.

गाणं कसं गाजलं ते सांगतो. परळीचा सलीम मोबाइल दुरुस्त करतो, त्यानं दुकानाच्या मागं ते भरून घेतलं. हलगी माज्या बापाची. ऊस तोडताना बापाची डाव्या हाताची दोन बोटं कोयत्यानं गेलती. बारीक काडी नीट धरता येत न्हाई, म्हणून एक ठोका हुकतो. तिथं मोकळी जागा ऱ्हाती. सलीम उडालाच. "अरे मियाँ, ये तो रेगे है!" मला वाटलं, कुन्या सायबाचं आडनाव आसंल; ती निघाली परदेशातल्या गाण्याची तऱ्हा. त्यानं वरून गिटार जोडली. महिन्याभरात गाणं ट्रॅक्टरवर, वरातीत, पार पुण्याच्या पोरांच्या मोबाइलवर. लोक ज्या मोकळ्या जागंवर कंबर हलवित्यात, तिथं माज्या बापाची बोटं न्हाईत. हे म्या कुणालाच सांगितलं न्हाई. सांगायचो, "चाल सपनात सुचली."

तर बाप खाली पाचट पेटवून हलगी शेकत हुता. हलगीवाल्यानं खालीच वाजवायचं, आसंच चालत आलंय. म्या बी वर बोलावलं न्हाई.

चेरमनचा माणूस त्याला म्हणला, "ए हलगीवाल्या, नुसता बसलास कावून? पावण्यांच्या चपला उचल, चिखलात चालल्यात."

बाप उठला. काखंत हलगी, दोनी हातात चपला. तीन बोटांच्या हातातून एक पडली. लोक हसले. मी बी हसलो.

चेरमननं मला इचारलं, "वळखीचा हाय का रं?"

"गावाकडला हाय," म्या म्हणलं.

हातातला माइक चालू हुता. भोंग्यातून आख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. बापानं एकदा वर बघितलं. मग चपला वळीनं लावल्या.

माजं नाव पुकारलं. बाप वाजवाया लागला. ती मोकळी जागा आली आन म्या माइक खाली घेतला. सारं मैदान नाचतंय.

"गा की बे," चेरमन म्हणला.

"हलगी वर आल्याबिगर न्हाई गाणार."

"मंग उतर खाली."

उतरलो. उतरताना त्याच मोडक्या खुर्चीत पाय अडकून पडलो. लोक परत हसले. ह्या बारीला मी हसलो न्हाई.

तवापासून ठरलं. जिथं हलगी स्टेजवर न्हाई, तिथं मी न्हाई. गाण्याच्या आदी सांगायचं, चाल कुणाची, बोटं कुठं गेली. बोलावणी कमी झाली. होऊ दे. चेरमनच्या दारात परत पाय ठिवायचा न्हाई.

हे सगळं म्या बापाला सांगितलं, छाती काढून. बाप हलगीची वादी आवळत हुता. वर न बघता म्हणला,

"त्या दिशी माइक तुज्याच हातात हुता की रं."