टाकून दिलेला उजेड

कॉलेजच्या पत्रात माझ्या व्याख्यानाचा विषय आधीच छापला होता: खेड्यातील मुलीची यशोगाथा. मी प्राचार्यांना फोन केला.

"सर, मी कित्येक वर्षं एकच काम करतेय. अतिशय मंद उजेड वाढवायचा, पण वाढवताना त्यात खरखर मिसळू द्यायची नाही. त्यावर बोलते."

"मॅडम, ते मुलींच्या डोक्यावरून जाईल. कोरीटहून पुण्याच्या प्रयोगशाळेत कशा पोचलात, ते सांगा."

"एसटीने पोचले. त्यात सांगण्यासारखं काही नाही."

ते हसले. मी कबूल झाले असं त्यांना वाटलं असावं.

सभागृह भरलेलं होतं. निम्म्या मुली जवळपासच्या गावांतल्या, निम्म्या सातपुड्यातून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या. मी माईकवर आमच्या बोलीत विचारलं, "मन्हा आवाज ऐकू ई ऱ्हायना का?" मुली चमकून हसल्या. मग शिपायाला आवाजाच्या पेटीचं बटण पूर्ण फिरवायला सांगितलं आणि गप्प उभी राहिले. स्पीकरमधून नुसती खरखर येऊ लागली.

"हाई खरखर कोनी शे? मी ते काही बोलनू नही."

"पेटीनी," मागून उत्तर आलं.

वसतिगृहातल्या मुलींच्या घरी पावरी बोलतात, म्हणून पुढचं मराठीत सांगितलं. उजेड वाढवणारं यंत्रही आपली खरखर मिसळतं. कितीही चांगलं बनवा, थोडी राहतेच; तो कारागिराचा दोष नाही, निसर्गाचा नियम आहे. पण हा नियम दर वेळी हमखास काम करणाऱ्या यंत्राला लागू होतो. आमचं यंत्र क्वचितच काम करतं. जमलं की शेजारचा शोधक, म्हणजे उजेडाचा कण टिपणारं उपकरण, टिक देतो. तेवढाच उजेड आम्ही ठेवतो, आणि त्यात खरखर जवळपास नसते. बाकीचा टाकून देतो.

पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली: 'कृपया प्रेरणादायी बोलावे.' मी ती वाचली, पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि बोलत राहिले.

वसतिगृहातली एक मुलगी उठली. "मॅडम, किती टाकून देता?"

"बहुतेक सगळा."

सगळे हसले. ती हसली नाही. "मग एवढी खटपट कशाला?"

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मला हेच विचारलं होतं. एका परीक्षकांनी तर दुसरा विषय घ्या असं सुचवलं होतं. मी घेतला नाही. तेव्हा दिलेलं उत्तर तिलाही दिलं: "लांबून येणारा उजेड वाटेत क्षीण होतो. त्यातून गुपित पाठवायचं असेल तर उशीर चालतो. गुपित बिघडून चालत नाही."

"आणि टिकच खोटी आली तर?"

"येते. पूर्ण अंधारातही शोधक कधीकधी टिक करतो. माझी दोन वर्षं त्यातच गेली. अजून पूर्ण जमलेलं नाही."

आभार मानताना प्राचार्य म्हणाले, "शेतकऱ्याच्या लेकीचा खडतर प्रवास ऐकून आपण भारावलो."

मी उठले. माईक हातात घेतला. "सर, तो प्रवास मी सांगितलाच नाही. खडतरही नव्हता, आमची बागायत आहे. मुलींनी उजेडाबद्दल ऐकलं आणि माझी अडचण बरोबर पकडली. तेवढं नोंदवा."

चहाला माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. पुढच्या वर्षी बोलावणंही आलं नाही. तिथल्या फिजिक्सच्या मॅडमचा मात्र फोन आला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, गुरुवारी प्रॅक्टिकल असतं. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते."

मी रजा टाकली, लेसर आणि दोन भिंगं पिशवीत घातली आणि गेले. खोट्या टिकेबद्दल विचारणारी ती मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने वहीत नऊ प्रश्न लिहून आणले होते. त्यातल्या चारांची उत्तरं मला देता आली.