व्हय म्हाराजा म्हणणारा

देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाने मिळून देवाला घालायचं साकडं, सुरू झालं, की सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं काम माझ्या मोठ्या भावाचं. दादाला अक्षरं आली नाहीत, घड्याळ कळत नाही, पण गाऱ्हाण्यात देवाला होकार कुठे द्यायचा, हे त्याचं कधी चुकलं नाही. पन्नाशी उलटली त्याची. हे काम गावाने त्याला कधी दिलं, कुणालाच आठवत नाही.

आणि मी कोण? कुडाळकडच्या गतिमंद मुलांच्या शाळेत शिक्षक. दर पालकसभेत 'मुलांना घरात लपवू नका' असं घसा फोडून सांगणारा शहाणा.

गेल्या मे महिन्यात माझ्या लेकीला बघायला पुण्याहून पाहुणे आले. मुलगी पसंत पडली, तेव्हा देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं ठरलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत तयारच बसला होता. त्याला बघून पाहुणे माघार घेतील, अशी मला धास्ती वाटली. मी त्याला गोड बोलून मागच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला आणि ते थांबले.

"दादा खंय रे?"

"त्येका ताप इलोहा," मी म्हणालो.

त्यांनी लेकीसाठी गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी आपल्या मनाने जोडलं, "आणि हिच्या काकाक ताप इलोहा, त्येका बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. मलाही म्हणावं लागलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पाहुणे गेल्यावर कडी काढली. दादा खाटेवर तसाच बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून.

"गाराणा झाला?"

"झाला," मी म्हणालो. तेवढ्यावर तरी थांबायचं! "लोकांका तुका ताप इलोहा असा सांगितलंय हां."

त्याने गळ्याचं बटण काढलं.

संध्याकाळी मानकरी शहाळं घेऊन दारात हजर. "काय रे, ताप गेलो?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "इल्लो. आता गेलो."

आजवर त्याला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते मी त्याला शिकवलं.