दोघं मिळून किती वेळात?

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर न देण्यात आमच्या कारभारणीचा हात धरणारं माणूस कर्जत-खालापुरात झालं नाही आणि आता होणारही नाही. तिच्या शेवटच्या संध्याकाळचीच गोष्ट घ्या. आम्ही दोघं ओट्यावर बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. मधे पातेलं, त्यात तीन वाट्या वाल. माझ्या हातांना मोहोपाड्याच्या कारखान्यात पोती उचलायची सवय. वालाचा दाणा बोटांतून सुटायचा तो थेट अंगणात. वैतागून मी विचारलं, "अजून किती वेळ लागंल गं?" दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, अर्धा तास. ही म्हणाली, "तुमीच सांगा. मी एकटी हे पातेलं एका तासात सोलते. तुमी एकटे बसलात तर दोन तास. मग दोघं मिळून किती वेळात?" मी म्हटलं, "एक आणि दोनच्या मधे. दीड तास." ती इतकी हसली की मांडीवरचे वाल सांडले. "अवो, मी एकटी तासात उठते आन् तुमी मदतीला आलात की दीड तास? तुमी साल काढताय का परत चढवताय?" "मग किती?" "मी नाय सांगणार."

ही खोड जुनी. शिकली सातवी, पण गावातल्या म्हाताऱ्यांच्या साक्षरता वर्गाला कोणी शिकवणारा मिळेना, तेव्हा हिनंच पदर खोचला. रोज दुपारी समाजमंदिरात आम्ही दहा-बारा जण जमायचो. मी शेवटच्या चटईवर, दुसरी नापास. फळा होता, पण तो आडवा घालून त्यावर ही पापड वाळवायची. म्हणायची, गणित हातानं करायचं, जोडीनं करायचं, आणि उत्तर आलं की मला सांगायचं नाही, जोडीदाराला पटवायचं. तो मान हलवेपर्यंत उत्तर कच्चं. आम्ही शाळेत छड्या खाऊन गप्प बसायला शिकलेली माणसं, पटवणं कुठलं ठाऊक? पहिले आठ दिवस नुसती भांडणं झाली. माझी जोडी लावली शेजारच्या आक्काशी. तिला कमी ऐकू येतं. तिला पाव आणि पाऊण समजावताना माझा आवाज पार सडकेपर्यंत जायचा. घरातही सुटका नव्हती. आमटीत मीठ घातलंस का, असं विचारलं तर म्हणायची, "आक्काला वाटीभर नेऊन द्या. ती काय म्हणते बघा, मग ठरवू."

एकदा तिनं देवळाचं अंगण पावलांनी मोजायला लावलं. माझी पावलं भरली चाळीस, आक्काची साठ. माजी सरपंच छत्तीसवर अडून बसले; माजी असले तरी पाऊल सरपंचाचं! तीन दिवस सगळ्यांनी एकमेकांना खोटं पाडलं. शेवटी सरपंच तिच्याकडं गेले, "बाई, खरं कोणाचं?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांचंच. आता आपसात मिटवा." चौथ्या दिवशी आक्काच बोलली, "आरं, पाय सोडा. एक दोरी घ्या आन् तिलाच सगळ्यांनी माना." ही तांदूळ तसेच टाकून उठली आणि तिनं आक्काच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दोरी सरपंचांच्या पावलाएवढीच हवी, यावरून पुढं आणखी एक दिवस गेला, ते सोडा.

तर त्या संध्याकाळी जेवतानाही मी विचारलं, "सांग की आता." "झोपा गुमान. उद्या वर्गात आक्काला पटवा." पहाटे ती उठलीच नाही. खरं सांगतो, आधी मला राग आला. रडू नंतर आलं. जायचं तर जावं माणसानं, पण उत्तर तरी सांगून जावं.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर सरपंच म्हणाले, "आता वर्ग मिटवू. समाजमंदिराची चावी दे, उद्या पंचायतीत देऊन टाकतो." आक्का म्हणाली, "बाईच नाय, तर इचारायचं कुणाला?" मी म्हटलं, "तिनं तरी कधी कुणाला काय सांगितलं?" सरपंच हसले, "मग काय तू शिकवणार, दुसरीनापाशा?"  मी चावी सापडत नाही म्हणालो.

वाल मी दोन दिवस आधीच भिजवून फडक्यात बांधले होते. का, ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसलो. तीन वाट्या मोजल्या. माझा एक दाणा होईतो तिचे दोन व्हायचे, हे मी चाळीस वर्षं बघत आलो. म्हणून दोन वाट्या तिच्या पाटापुढं मांडल्या, एक माझ्यापुढं. घड्याळ बघून सुरुवात केली. माझी वाटी संपली तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. तेवढ्या वेळात तिच्या दोन झाल्याच असत्या. दोघं मिळून चाळीस मिनिटं.

समोर तिच्या दोन वाट्या तशाच होत्या, सालासकट. मी तांदळाच्या डब्यात दडवलेली चावी काढली, त्या दोन वाट्या उचलल्या, आणि आक्काच्या दारात जाऊन, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, हाक मारली.