काहूनरावांची राहिलेली विहीर

साल त्र्याहत्तर, मे महिना, सोमवारची सकाळ. हजर: एक नगरसेवक, त्यांनी आणलेला पाणाड्या, तळहातावर नारळ, खालच्या वस्तीतल्या शेवंताबाई, कमरेवर रिकामा हंडा, आमच्या दैनिकाचे वृत्तसंपादक काहूनराव, आणि मी, नवी बातमीदार.

काहूनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुठलीही बातमी टेबलावर ठेवली की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "काहून?" पूल खचला. काहून? साथ एकाच मोहल्ल्यात आली. काहून? उत्तर नसेल तर कागद परत. "काय झालं ते तं पानठेल्यावरही कळते, बाई. काहून झालं, त्यासाठी पेपर असते." आधी आम्ही त्यांना पाठीमागे काहूनराव म्हणायचो, मग समोरही म्हणू लागलो. त्यांनी फक्त विचारलं, "काहून?"

तर त्या सोमवारी. महापालिका त्या भागात एकच विहीर खोदणार होती आणि जागा पाणाड्या ठरवणार होता. त्याच्या तळहातावरचा नारळ नगरसेवकांच्या गल्लीत, त्यांच्याच फाटकासमोर ताठ उभा राहिला. लगेच खुंटी ठोकली. खालच्या निळ्या झेंड्याच्या वस्तीत मात्र नारळ आडवाच. "इथं पाणी नाही," असा निकाल.

"काहून नाही जी?" शेवंताबाईंनी विचारलं. "पाण्याले आमचा झेंडा दिसला का?"

आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून काहूनराव खुलले. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि पाणाड्याच्या डोळ्यांवर बांधला. "आता त्याच गल्लीतून परत फिरा, महाराज." नारळ खुंटीवरून आडवाच गेला आणि थेट गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक मुतारीसमोर उभा राहिला.

"पाणी तं आहे गा!" शेवंताबाई म्हणाल्या. नगरसेवक सोडून सगळे हसले. पाणाड्यासुद्धा, दुपट्ट्याखालून.

दुपारी मालकांचा फोन आला. नगरसेवक सत्तेतले, बातमी नको. काहूनरावांनी "हो जी" म्हणून फोन ठेवला आणि माझ्या मजकुरातली विशेषणं खोडायला घेतली. "ढोंगी काढा. लबाड काढा. नारळ कुठं उभा राहिला तेवढं लिहा, बाकीचं लोक लिहितीन." गल्लीचा नकाशा, त्यावर दोन्ही खुणा आणि भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांचं मत: वस्ती सखल आहे, पावसाचं पाणी तिकडेच मुरतं, तिथे खोदून पाहावं. मथळा: 'नारळ दोनदा उभा राहिला'.

सकाळी मालक स्वतः आले. दारातूनच ओरडले, "काहून छापलं?"

काहूनरावांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा मालक. आज तुम्ही पत्रकार झाले."

मालक बसले, आणि हसू आवरेना म्हणून चहा मागवला. पुढे मोर्चे आले, सभागृहात खुर्च्या आपटल्या, आणि अखेर विहीर वस्तीत खोदली गेली. पाणी लागलं. शेवंताबाई भरलेली कळशी घेऊन सदर भागातल्या आमच्या कार्यालयाचा जिना चढल्या. "प्या जी. खालच्यांचं पाणी आहे, चालते ना?"

काहूनराव दोन पेले प्याले. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "टाळ्या काहून? नारळवाला नाही म्हणे तिथं पाणी लागलं, ठीक. पण तो हो म्हणे तिथं आपण खोदलंच नाही. तिथंही लागलं असतं तं? अर्धी बातमी छापून राहिलो आपण."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते महापालिकेला पत्र लिहीत: खुंटीच्या जागी एक भोक पाडून बघा. महापालिकेला ते वेड वाटे. नगरसेवकांना विचारलं तर ते विषय बदलत. कोरडं निघालं तर काय, ही भीती त्यांनाच जास्त होती.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे अमरावतीला गेले. एसटीच्या खिडकीतून मला म्हणाले, "बाई, गल्ली खोदा. नारळवाल्यावर अन्याय होऊन राहिला." पुढच्याच वर्षी ते गेल्याचं कळलं.

आता त्यांच्या टेबलावर मी बसते. नवी पोरं बातमी आणतात, मी "काहून?" विचारते, ती पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. यंदाचं पत्र मी गेल्या आठवड्यात टाकलं. खुंटीच्या जागी हल्ली एक स्कूटर उभी असते. ती हलवून गल्ली खोदायची अजून बाकी आहे.