वाट बघतो

ती मला ‘ताई’ म्हणायची, अगदी पहिल्या मेलपासून. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं ते, तेव्हा आम्ही सगळेच लिहायचो तसं. ताई, मला तिकडे येता येणार नाही, पण इथेच काही सांगाल का, अशी सुरुवात होती.

मी तेव्हा उल्हासनगरला एका सिंधी मॅडमच्या हाताखाली नुकताच लागलो होतो. मॅडम बोलून उपचार करायच्या. औषधं लागली तर पेशंटला डॉक्टरांकडे पाठवायच्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील अंबरनाथला कारखान्यात होते आणि मी नेमकं काय काम करतो हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. माझं इंग्रजी कच्चं होतं. मॅडमनी स्वतःची पुस्तकं दिली, अडलं की हिंदीत समजावलं, पेशंटसमोर बसायला शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

क्लिनिकचा मेल भेटीच्या वेळा कळवण्यापुरता होता. मेलवर डिप्रेशनचा उपचार ही कल्पनाच मॅडमना मान्य नव्हती. त्या म्हणायच्या, पेशंट तोंडानं खोटं बोलतो आणि चालण्यातून खरं सांगतो. खुर्ची कशी ओढली, नखं किती दिवसांची वाढलीत, सोबत कोण आलंय. कागदावर यातलं काय दिसणार?

तरी मी त्या मेलची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली. बाई बदलापूरला कात्रपमध्ये राहत होती. नवरा कामावर गेला की दुपारी त्याच्या कॉम्प्युटरवरून लिहायची. घराबाहेर पडायचं म्हटलं की पाय गळतात, असं तिनं लिहिलं होतं. मॅडमनी मला एकच प्रश्न विचारायला लावला, मरायचे विचार येतात का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

‘रोज नाही, ताई.’

मॅडमनी ते वाचून प्रिंट फाइलला लावली. मग म्हणाल्या, “अब छोड भी नहीं सकते. लिहीत राहा, पण तिला इथे आणायचं आहे हे विसरू नको. आणि हे ताई ताई काय आहे? तू कोण ते सांग तिला.”

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. पुरुष लिहितोय कळलं तर ती थांबेल, आणि थांबली तर ‘रोज नाही’चं काय होईल, ही भीती होती. शिवाय माझ्या शब्दांनी कुणाला बरं वाटतंय याचं अप्रूपही होतं. तेही खरं आहे.

मराठीत माणसाला फार वेळ लपता येत नाही. ‘सांगतो’ म्हटलं की पुरुष, ‘सांगते’ म्हटलं की बाई. मी दोन्ही टाळायला शिकलो. मला वाटतं. तुमचं पत्र वाचलं. असं करून बघा. खोटं एकही वाक्य लिहिलं नाही, असं स्वतःला बजावत राहिलो.

दिवसाला एकच लहान काम करायचं, असं आमचं ठरलं होतं. आज खिडकी उघडली, ती लिहायची. आज केस धुतले. आज डाळ भिजवली आणि शिजवलीसुद्धा. मॅडम प्रिंटा वाचू लागल्या, मधूनच हसू लागल्या. येत्या आठवड्यात तिला भेटीबद्दल विचारायचं ठरलं.

त्याआधी तिचा एक लांब मेल आला. त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. बाईनं बाईलाच सांगावं असं काही होतं. मी दुपारभर उत्तर लिहिलं. प्रत्येक क्रियापद तपासलं. पाठवताना वाटलं, शेवट कोरडा होतोय. म्हणून आणखी दोन शब्द जोडले आणि बटण दाबलं.

वाट बघतो.

तासाभरात उत्तर आलं. ‘तुम्ही ताई नाही ना?’

मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. पुन्हा काही आलं नाही.

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तिचा पत्ता विचारला. पत्ता नव्हता, नावही नव्हतं. चौथा मजला आणि खिडकीतून दिसणारं शाळेचं मैदान, एवढंच तिनं कधीतरी लिहिलं होतं. रविवारी मी कात्रपला जाऊन वर बघत फिरायचो. शाळा एकाहून जास्त होत्या आणि इमारती रोज नव्या उठत होत्या. एका वॉचमननं हटकलं, कोण पाहिजे? एक बाई, चौथ्या मजल्यावरची, नाव माहीत नाही, असं म्हणालो. “नाव माहीत नाही आणि बाई शोधतोय? चल निघ,” तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग मेलवर विश्वास नसलेल्या मॅडम दर गुरुवारी शेजारी बसून मला मेल सांगू लागल्या. “लिही, माझं वय अठ्ठावन्न. चष्मा आहे. समोर पेशंट असला तरी मधेच चहा पिते. तुला यायचं नसेल तर येऊ नको. फक्त आहेस, एवढं कळव.” पाठवून झालं की विचारायच्या, परत तर नाही ना आला? त्या काळी मेलची पेटी बरेच महिने कुणी उघडली नाही की बंद व्हायची आणि मेल परत यायचा. परत येत नव्हता, तोवर ती कुठेतरी उघडून वाचत असेल असं आम्ही धरून चाललो.

एका गुरुवारी परत आला. मॅडमनी स्क्रीनवरच्या इंग्रजी ओळी दोनदा वाचल्या.

“इसमें उसके बारे में तो कुछ नहीं लिखा?”

“नाही.”

“मग आपल्याला काहीच माहीत नाही,” त्या म्हणाल्या, आणि बाहेर बसलेल्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.

पुढे मेल बरेच येऊ लागले आणि मॅडमनी ते काम माझ्याकडेच ठेवलं. माझ्या पहिल्या उत्तराची पहिली ओळ ठरलेली असते: माझं नाव, वय, आणि मी पुरुष आहे. ती वाचून काही जणी पुन्हा लिहीत नाहीत. त्यांच्यातली कुणी रोज नाही, पण अधूनमधून तो विचार करणारी असेल का, हे मला कधीच कळणार नाही. मॅडमना एकदा विचारलं, ओळ खाली घेऊ का, दुसऱ्या-तिसऱ्या मेलमध्ये? त्यांनी फाइलमधली ‘तुम्ही ताई नाही ना?’ ही प्रिंट माझ्यापुढे ठेवली. ओळ वरच आहे.