दोन बरोबर एक

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तराजू दुरुस्त करतात. दांडी वाकली, पारडं एका बाजूला ओढायला लागलं, मधली कडी झिजली, की बाजारातले लोक त्यांच्याकडे येतात. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून दुकान जवळजवळ ओस पडलं आहे. जी गिऱ्हाइकं टिकली, ती वजनमापांच्या सरकारी वार्षिक तपासणीच्या आधी तेवढी उगवतात, आणि त्यांच्यावरच घर चालतं. नेमक्या त्याच दिवसांत दाजींनी काम बंद केलं.

निमित्त त्यांच्या जावयाचं. जावई इंजिनियर. दुकानात गप्पा मारता मारता त्यानं भिंतीवरच्या काळ्या फळीवर खडूनं गणित मांडलं. अ आणि ब सारखे धरायचे. दोन्ही बाजूंना अ नं गुणायचं, दोन्हीकडून ब चा वर्ग वजा करायचा. अवयव पाडले की एका बाजूला (अ + ब) गुणिले (अ − ब), दुसऱ्या बाजूला ब गुणिले (अ − ब). दोन्हीकडचं (अ − ब) उडवलं की उरतं अ + ब = ब. दोघांनाही एक मानलं, तर दोन बरोबर एक.

"यात चूक कुठंय?" दाजींनी विचारलं.

"अ वजा ब म्हणजे शून्य. शून्यानं भागायचं नसतं, बाबा. शाळेतली पोरंही सांगतील," असं म्हणून जावई हसला आणि गेला.

ते हसणं दाजींना फार लागलं. त्यांनी फळी पुसू दिली नाही.

औषधाच्या दुकानदारानं आपला तराजू तसाच उचलून दुसरीकडे नेला, तेव्हा ताईनं मला बोलावलं. "तू तरी सांग त्यांना. बेकरीवालासुद्धा आज दोनदा येऊन गेला."

मी गेलो. दाजी फळीसमोर बसले होते.

"या, कॉमर्सचे पदवीधर. शून्यानं का भागायचं नाही?"

"नियम आहे, दाजी."

"कुणी केला?"

उत्तर अनंत येतं, असं काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "तू पण त्यातलाच. सगळ्यांना नियम पाठ आहे, पण त्यामागचं कारण एकालाही माहीत नाही. अरे, दोन्हीकडून सारखंच काढलं तर दांडी सरळ राहते, यावर मी जन्म काढला. इथं सारखंच काढलंय. तरी दोनाचं एक झालं. मग मी लोकांना कसली खात्री देऊ?"

"लोकांना खात्री नकोय, तराजू हवाय."

"मग भाजीवाल्याचा खोटा तराजू घ्या म्हणावं."

आमचा आवाज चढला. मी त्यांना हट्टी म्हणालो, त्यांनी मला पोपट म्हटलं. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. टेबलावर कप ठेवायला बोटभर जागा नव्हती. तिनं रागारागानं एक किलोचं आणि दोन किलोचं, अशी दोन्ही कडीची वजनं उचलली आणि छताला टांगलेल्या रिकाम्या दांडीच्या मधोमध अडकवून टाकली.

"तिथं काय अडकवतेस?" दाजी खेकसले.

"का? सरळ तर आहे दांडी."

"सरळ राहणारच. मधोमध काहीही अडकव, हत्ती अडकव. टोकापाशी टांगलं तर वजनाला जोर. इथं अंतरच नाही, तर एक किलो काय नि दोन किलो काय, दांडीला दोन्ही शून्यच. त्यावरून काय कळणार, कपाळ?"

मी कप खाली ठेवला. "दाजी, दोन किलो गुणिले अंतर, बरोबर एक किलो गुणिले अंतर. दांडी सरळ आहे. अंतर दोन्हीकडे सारखंच आहे. उडवा."

"उडवा कसं? अंतर आहेच कुठं उडवायला..."

ते थांबले. दांडीकडे पाहिलं, मग फळीकडे. उठून त्यांनी (अ − ब) वर बोट ठेवलं.

"म्हणजे त्यानं हे सगळं मधल्या कडीला टांगलं होतं," ते हळू म्हणाले. "ओळ खरी होती. पण त्यावरून काही कळतच नव्हतं. आणि त्यानं ते कळल्यासारखं दाखवलं."

मला वाटलं, आता खूश होतील. कुठलं काय. "एवढंसं होतं, तर त्या गाढवानं असं सांगायला काय झालं होतं? नियम म्हणे." त्यांनी फडकं घेऊन फळी इतकी घासली की रंग निघाला. मग बेकरीवाल्याची दांडी ओढून घेतली आणि चहा निवला तरी हातोडी थांबली नाही. बेकरीचा तराजू तपासणीला वेळेत पोचला. औषधवाला मात्र पुन्हा आला नाही.

पुढं जावई जेवायला आला, तेव्हा दाजींनी त्याला दांडी, वजनं, मधली कडी, सगळं दाखवून समजावलं. तो शांतपणे ऐकत होता.

"हो, बाबा," तो म्हणाला, "मी तेच तर म्हणालो होतो. शून्यानं भागायचं नसतं."

दाजींनी वजनं बाजूला सारली आणि भाकरीचा तुकडा कराकरा मोडला. ताईनं मला डोळ्यांनी दटावलं, हसू नकोस म्हणून.