शीर्षकाची जागा

संध्यावहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी "हं" म्हटलं. ज्याच्याबरोबर पावणे गावच्या कारखान्यात उभी हयात काढली, एका डब्यात जेवलो, त्याच्या मरणावर माझ्या तोंडून "हं" निघालं. दिलीपला तुम्ही दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांमुळे ओळखता. गेल्या काही आठवड्यांत त्याच्यावर बरंच गोड गोड छापूनही आलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी खरं तेवढं बोलतो, त्यात जे वाईट निघेल ते त्याचं.

आम्ही दोघं कारखान्यात प्रेशर गेज दुरुस्त करायचो. मान खाली घालून काम करता करता हा मंगळावर जाऊन यायचा. गोष्ट लिहून झाली की रविवारी नेरूळला माझ्या घरी हजर. आधी आईच्या हातची मटकीची उसळ हाणायची, मग पिशवीतून कागद काढायचे. पहिल्या पानाचा वरचा चतकोर भाग कोरा असायचा. दिल्याला सगळं सुचायचं, नाव तेवढं सुचायचं नाही. "पोरगं माझं, बारसं तुझं, सुभाष," म्हणायचा. मी गोष्ट वाचायची, त्या कोऱ्या जागेत नाव लिहायचं, असा आमचा रिवाज. त्याच्या सगळ्या गोष्टींची नावं मी ठेवलीत. एक सोडून.

त्यासाठी माझ्या वडिलांचं सांगायला हवं. आबा साताऱ्याकडून आले आणि इथल्या बाजारात पाठीवर पोती वाहून त्यांनी घर चालवलं. डावा खांदा कामातून गेला, काम सुटलं. बसून खाणं त्यांना सोसेना. एक दिवस न सांगता निघून गेले. आई कुंकू लावून वाट बघत राहिली. बऱ्याच वर्षांनी मला ते सापडले, नावडे गावातल्या एका चाळीत, खोली नऊमध्ये. वॉचमनचं काम करत होते. मला म्हणाले, "तुझ्या आईला कळलं, का कुनाला पत्ता लागला, तर मी हितनंबी जाईन. मग न्हाय गावायचो." मी आईला चोरून त्यांना भेटत राहिलो. हे मी एकाच माणसाला सांगितलं, आबांची अटही सांगितली, आणि एकदा त्याला तिथं बरोबर नेलं. दिलीपला.

त्यानं गोष्ट लिहिली. मला न दाखवता. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात एक म्हातारा आहे. रोज आपल्याच घरावरून जातो, काचेतून अंगण बघतो, डावा खांदा चोळतो. खाली उतरायची सोय असूनही उतरत नाही. फार सुंदर गोष्ट आहे, मेल्याची! तिच्यात नावडे कुठंच नाही. ते फक्त वर, शीर्षकात. 'नावडे, खोली नऊ'.

अंक माझ्याआधी आईच्या हाती पडला. दिलीपची गोष्ट ती कधी चुकवायची नाही. वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढला. "यानातला म्हातारा डावा खांदा चोळतोय. आन् वर नावड्याचा पत्ता. तुला ठावं हुतं, व्हय रं?"

तिनं कपाटातली चांगली साडी नेसली, मला पुढं घातलं आणि आम्ही नावड्याला पोचलो. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तुमच्यासंगं आलेले ना एकदा, ते चष्मेवाले साहेब, ते परवा आलते. पेढे दिले, पुस्तक दिलं. बाबा म्हणाले, ह्यात माझ्या खोलीचं नाव छापलंय. काल सामान घेऊन गेले. कुठं ते नाय सांगितलं."

पेढे घेऊन गेला होता... लेखकमंडळींना ही खोडच असते. ज्याच्यावर लिहिलं त्यालाच अंक नेऊन द्यायचा आणि वर कौतुकाची वाट बघत बसायचं. आई कुलपाला हात लावून उभी राहिली.

मी तडक दिलीपच्या दारात गेलो आणि सगळी बिल्डिंग ऐकेल असा ओरडलो. "दुसरं कुठलंही नाव चाललं असतं!"

"नसतं चाललं," तो म्हणाला. "नाव काढ, मग ते यान कुणाच्याही घरावरून फिरेल. मग तो कुणाचाच बाप नाही. ते नाव हीच गोष्ट आहे रे."

त्याचं बरोबर होतं, याचाच मला जास्त राग आला. "माझा बाप गेला, दिल्या," मी म्हटलं. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही, आणि त्याचीही नवी गोष्ट कुठं छापून आली नाही. पुढं ती गोष्ट कॉलेजात अभ्यासाला लागली. शेजारच्या मुलीच्या गाइडमध्ये प्रश्न पाहिला, 'शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा'. खाली तयार उत्तर होतं, नऊ म्हणजे नवग्रह! पाठ करा आणि मार्क घ्या. आबा पुन्हा सापडले नाहीत. आई अजून कुंकू लावते.

परवा संध्यावहिनी घरी आल्या. हातात तीच त्याची पिशवी. "ही शेवटची गोष्ट. संपादकांचे फोन येतायत. हे सांगून गेलेत, नाव सुभाषच देईल, तोवर छापायची नाही." पहिल्या पानाचा वरचा चतकोर भाग कोरा होता.

त्या गेल्यावर मी गोष्ट वाचली. नाव पहिल्या वाचनातच सुचलं, अगदी चपखल. पेनाचं टोपण काढलं, त्या कोऱ्या जागेवर हात नेला... आणि टोपण परत लावलं. कागद टीव्हीखालच्या खणात ठेवलेत. वहिनींचा फोन येतो, बिचाऱ्या अजिजीनं विचारतात, "भावोजी, सुचलं का काही?"

"नाही," मी सांगतो. "अजून नाही."